सर, आधी पंखे काढा

मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगते. वाचता वाचता कुणाला वाटेल, शेवटी बाई मन मोठं करणार, झालं गेलं विसरणार. तसलं काही होणार नाही.

मी कोल्हापूरकडची, चंदगड तालुक्यातली. आई अंथरुणाला खिळली म्हणून आठवीचं वर्ष अर्ध्यात सोडलं, ते सुटलंच. वर्ध्याला आले ती नालवाडीतल्या एका हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला. मेस बंद पडली तेव्हा सामानाची पिशवी घेऊन रस्त्यावर उभी होते. समोरच्या दुकानातून काकूंनी हाक मारली, "काऊन उभी राह्यली तिथं? ये, पाणी पी." पाणी प्यायला गेले ती अजून तिथंच आहे. मागची खोली मला दिली. तो उपकार अजून फिटलेला नाही.

काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. घराच्या पुढच्या खोलीत पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचे. ते पोटापाण्याचं नव्हे, हाताला काम म्हणून. खरा जीव ड्रोनमध्ये. छोटे, तळहातावर मावणारे ड्रोन ते स्वतः जोडायचे. दर रविवारी सात-आठ जण दुकानात जमायचे आणि मग सगळे गावाबाहेर मोकळ्या शेतात उडवायला जायचे. मी चहा द्यायला जायची. एकदा काकांच्या हातून बारीक वायर सुटत होती, मी धरली. तेव्हा म्हणाले, "तुह्या हात थरथरत नाई बेटा, धर ही गन." माझं मन चोवीस तास थरथरतं, दार वाजलं तरी दचकते, पण हात खरंच थरथरत नाही. सोल्डरिंग शिकले, म्हणजे कथील वितळवून वायरी जोडणं. मग दुकानाची किल्ली माझ्याकडे आली. सकाळी नऊला शटर मी उघडायची. ती किल्ली कमरेला लागली की मला वाटायचं, आपण इथले आहोत.

सोल्डरिंगनंतर कॉम्प्युटर. ड्रोनच्या पोटात एक बोर्ड असतो, त्यात प्रोग्राम भरावा लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तयार मिळतं, पण आमचे बोर्ड स्वस्तातले, पोट लहान. म्हणून नको ते वगळून, हवं ते ठेवून आम्ही ते स्वतः बांधून घ्यायचो. माणसाने लिहिलेलं बोर्डाला कळेल असं करून देतो तो कंपायलर. आणि इथं गंमत आहे. कुठल्याही फर्मवेअरला कुठलाही कंपायलर चालत नाही. आमच्याला दहाव्या आवृत्तीचा, म्हणजे दहाचा लागायचा. नवा तेराचा आला होता, पण त्यावर बांधलेलं आमच्या बोर्डांवर कुणी तपासलेलं नव्हतं.

हे मला इंग्रजीतून कळलं नाही, ते बियाण्यावरून कळलं. आमच्याकडे भाताचं बी दर जातीचं वेगळ्या तट्ट्यात, बांबूच्या कणगीत. घनसाळ वेगळं, काळजिरगा वेगळा. आई झोपल्या झोपल्या ओरडायची, "मिसळू नका गं, एकदा मिसळलं की निवडताना जलम जातोय." तसं मी केलं. दर ड्रोनचा एक फोल्डर. त्यात त्याचं फर्मवेअर, त्याचा कंपायलर, त्याच्या बाकीच्या वस्तू. दुसऱ्याचं काही घ्यायचं नाही. आणि कॉम्प्युटरच्या वर भिंतीला एक कागद चिकटवला, माझ्या अक्षरात. कुठल्या ड्रोनला कितीचा कंपायलर, कधी उडवून पाहिला. सगळ्यात खाली ठळक लिहिलं होतं: नवीन भरलं की आधी पंखे काढून मोटारी चालवून बघणे. पंखे म्हणजे ड्रोनची फिरती पाती, बोट कापणारी.

आता सर. रविवारच्या मंडळींतलेच, एका कॉलेजात शिकवायचे. बोलणं गोड, बूट चकचकीत. मला "मॅडम" म्हणायचे, पण तो शब्द ते असा उच्चारायचे की सगळे हसायचे. माझा कागद पाहून म्हणाले होते, "हे काय, किराण्याची यादी लावली काय मॅडमनं? मीठ, मिरची, कंपायलर!" मंडळी हसली. काकाही थोडे हसले. मीही हसले. नोकराला हसावंच लागतं.

"पण सर, तेराचा आपल्या बोर्डावर तपासला नाही कुणी," मी एकदा म्हणाले.

"अरे यार मॅडम, कंपनी पागल आहे का नवीन काढाले? जुना फोन वापरता का तुम्ही?"

वापरत होते. सांगितलं नाही.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला त्या दुकानात एक पद्धत होती. काकांच्या घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, पूजा ते करत नसत. दसऱ्याला दोघंही नागपूरला जायचे, पांढरे कपडे घालून, पहाटेच्या गाडीने. पण रविवारच्या मंडळींना हत्यारं पुजायची असायची, तर काका म्हणायचे, "करा न बाबा. पक्कड पुसून ठेवाले माह्यी कायची मनाई?" तर आदल्या दिवशी पक्कड, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन सगळं पुसायचं, पाटावर मांडायचं, झेंडू वाहायचा. दसऱ्याला हत्याराला हात लावायचा नाही.

त्या वर्षी पुसायचं काम दसऱ्याच्या सकाळवर गेलं. काका-काकू नागपूरला. मी पक्कडीला तेल लावत होते, सर पूजेसाठी लवकर आले होते. सर म्हणाले, "सगळे औजारं साफ करून राह्यले, मग कॉम्प्युटर काऊन सोडता? ते बी औजारच होय. मी करतो साफ." मला झेंडू आणि आपट्याची पानं आणायला पाठवलं. बाजारातून तासाभराने आले तर मॉनिटरला हार, कीबोर्डवर कुंकवाचं बोट, आणि सर हात झटकत उभे. "चकाचक! सगळं लेटेस्ट." भिंतीवरचा माझा कागद दिसला नाही. मला वाटलं, जाळी झाडताना पडला असेल. दसऱ्याचा दिवस, विचारायचं कसं?

पुढच्या रविवारी काकांचा लाडका ड्रोन तयार व्हायचा होता. त्याची एक मोटर मी बदलली, चार टाके सोल्डरिंगचे, चांगले, चमकणारे. फर्मवेअर सरांनी भरलं. "मॅडम, तुम्ही राहू द्या, मी करतो." मग सगळे शेतात. काकांना एक वाईट सवय होती, ड्रोन तळहातावर ठेवून उडवायचे. जमिनीवर ठेवला की धूळ जाते मोटरीत, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी तो हातावर सुरू झाला आणि एका बाजूच्या दोन मोटारी एकदम किंचाळल्या. उडालाच नाही, उलटा काकांच्या हातात फिरला. उजव्या हाताची दोन बोटं. मी माझ्या ओढणीने बांधली. ओढणी लगेच भिजली.

तिथं, रक्त वाहत असताना, सर म्हणाले, "मोटर कोणी लावली? सोल्डरिंग कच्चं आहे. मी सांगून राह्यलो होतो काका, आठवी शिकलेल्या बाईच्या हाती गन द्याल तर हेच होईन."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. ती नजर मला अजून आठवते. सरांवर मी दोन गुन्हे लावले आहेत. एक बोटांचा, एक त्या नजरेचा. दुसरा मोठा.

दुसऱ्या दिवशी किल्ली खुंटीवर नव्हती. काकू म्हणाल्या, "चार दिवस आराम कर तू. दुकान हे पाहून घेतात." ताटात जेवण रोजच्यासारखंच वाढलं, वर लोणचंही. पण वाढून लगेच आत गेल्या. खोली गेली तर कुठं जायचं, हा विचार घासागणिक गिळत होते. चंदगडला भावाच्या संसारात मी पाहुणी. इथं मी कोण, तेही आता कळेना.

बुधवारी दुपारी काका औषध घेऊन झोपले. काकू म्हणाल्या, पाट अजून तसाच पडला आहे, फुलं सुकली, जाऊन उचल. मागच्या दाराने दुकानात गेले. पाटावरची थाळी उचलली. खाली माझा कागद! घडी घालून ठेवलेला, थाळी डगमगू नये म्हणून. घडीवर कुंकवाचा डाग. डाग नेमका शेवटच्या ओळीवर.

तेव्हा माझं डोकं चाललं. कॉम्प्युटर सुरू केला. माझे फोल्डर नव्हते. एकही नाही. सगळ्यांची बियाणी काढून टाकून एकच मोठी रास करून ठेवलेली, सगळं नवं, कंपायलर तेराचा. पण आमचं ते फर्मवेअर शहाणं आहे. बांधायला घेतलं की आधी बघतं, कंपायलर कितीचा. चुकीचा असला तर थांबतं आणि स्पष्ट सांगतं, मला दहाचा हवा, तुझा तेराचा आहे. मग सरांना कसं थांबवलं नाही? शोधलं. एका लहानशा फाइलमध्ये एकच ओळ होती. दारावरच्या राखणदाराला चिठ्ठी द्यावी तशी: तेराचाच बरोबर आहे असं समज. फाइलची वेळ, दसऱ्याची सकाळ, अकरा वाजून गेलेले. मी झेंडू घेत होते तेव्हाची.

म्हणजे त्यांना सूचना दिसली होती. त्यांनी ती वाचली होती. आणि तिचं तोंड बंद केलं होतं.

माझ्या फोल्डरांची एक नक्कल पेनड्राइव्हवर होती, तो मी तांदळाच्या डब्यात ठेवते, घरून आणलेल्या. भीतीपोटी ठेवते. काढला. दहाच्या कंपायलरने काकांच्या त्याच ड्रोनचं पुन्हा बांधलं. तोच बोर्ड, तेच माझे चार टाके. पंखे काढून चालवलं. चारही मोटारी सारख्या, मांजर घुरघुरावं तशा. मग सरांनी बांधलेलं परत भरलं. किंचाळल्या. तीनदा अदलून बदलून पाहिलं. मग ती एका ओळीची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, पाट धुतला आणि काकूंना सांगितलं, झालं.

काकांना उठवून सांगायला हवं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. दारापर्यंत गेले. बोटांना पांढरी पट्टी, तोंड उघडं, बिचारे झोपलेले. आणि माझ्या मनात आलं, नाही. आत्ता सांगितलं तर काका सरांना फोन करतील, सर म्हणतील "अरे हो का, चूक झाली यार", दोघं चहा पितील. संपलं. माझं काय? मला चारचौघांत बोललेलं चारचौघांतच परत करायचं होतं. मी मागे फिरले. चप्पल पायात घालताना मला फार बरं वाटलं, लाज वाटावी इतकं बरं.

संधी चालून आली. सरांनी एक रविवार सोडून पुढच्या रविवारी आपल्या कॉलेजची मुलंमुली आणि प्राचार्यांना बोलावलं होतं. गिरडच्या वाटेवर मंडळींपैकी एकाचं शेत होतं, सोयाबीन निघून मोकळं झालेलं, तिथं स्वतःचा मोठा ड्रोन उडवून दाखवणार होते. बोर्ड आमच्यासारखाच. शुक्रवारी दुकानात येऊन त्यांनी नवं फर्मवेअर भरलं. मी बाहेर ओटा धूत होते. आतून ऐकलं, "काका, माह्या ड्रोनले मीच हात लावतो, सोल्डरिंग बी माह्यंच. कोणाच्या भरवशावर नाई राहत आपण." मी ओटा दोनदा धुतला.

दोन दिवस नीट जेवले नाही. तिथं मुलं असणार, एखाद्याच्या डोळ्याला लागलं तर? सूड हवा होता, पण रक्त नको होतं. मग कागदाची शेवटची ओळ आठवली.

रविवारी काकूंबरोबर डबे घेऊन गेले. वांग्याची भाजी, पोळ्या, ठेचा. लांबून गिरडच्या टेकडीवरचा दर्गा उन्हात पांढरा दिसत होता. सरांनी ताडपत्री अंथरून ड्रोन ठेवला, भोवती मुलं, प्राचार्य खुर्चीवर. सरांनी रिमोट हातात घेतला तशी मी पुढे गेले. आवाज शक्य तेवढा बारीक केला.

"सर, आधी पंखे काढता का?"

"काय?"

"पंखे काढून एकदा चालवा. काकांच्या हाताचं बघितलंय ना, माझी आपली भीती."

"मॅडम, तुम्ही पोळ्यांकडे लक्ष द्या न."

मुलं हसली. त्यांनी हसावं असंच मला वाटत होतं. मी प्राचार्यांकडे वळले. "साहेब, मुलांना पण कळेल, तपासणी कशी करायची ती."

"बरोबर आहे की," प्राचार्य म्हणाले. "काढा सर. घाई कायची आहे?"

सरांना काढावे लागले. चार नट, चार पंखे. मग चालू केलं. क्षणभर ठीक, आणि मग त्याच दोन मोटारी किंचाळल्या, ड्रोन ताडपत्रीवर टकटक आपटत फिरायला लागला. सरांनी रिमोटची काडी खाली ओढली, थांबेना. शेवटी झडप घालून बॅटरी ओढली. पंखे असते तर त्यांचा चेहरा नेमका तिथं होता.

"सोल्डरिंग कुणाचं, सर?" मी विचारलं.

ते ओढलेली बॅटरी हातात उलटीपालटी करत राहिले.

"कच्चं असंल," मी म्हणाले. "कितवी शिकलेल्यानं केलंय?"

हे वाक्य मी बारा-पंधरा दिवस तोंडात धरून होते, लवंगेसारखं. चावलं. छान तिखट लागलं.

मग मी कुंकवाचा डाग पडलेला कागद काढला, पेनड्राइव्ह काढला. एका मुलीला म्हटलं, लॅपटॉपला लाव ताई, एकच ओळ आहे, मोठ्यानं वाच. तिने वाचली. तिला सगळं कळलं, शिकलेली ती. तिने अगदी निष्पाप विचारलं, "पण सर, फर्मवेअर स्वतः सांगून राह्यलं होतं न चुकीचा कंपायलर आहे म्हणून? मग चेक बंद काऊन केला तुम्ही?"

सर म्हणाले, "ते... लेटेस्ट होतं." बस, एवढंच.

मी तिथंच खाली बसले आणि त्याच लॅपटॉपवरून, पेनड्राइव्हवरच्या माझ्या फोल्डरातलं, दहावर बांधलेलं, त्यांच्या ड्रोनमध्ये भरलं. सात-आठ मिनिटं लागली असतील. छाती धडधडत होती, हात शांत. पंखे काढून चालवलं, मग पंखे लावून. ड्रोन सरळ वर गेला, दर्ग्याच्या टेकडीच्या पार्श्वभूमीवर स्थिर राहिला. रिमोट सरांच्या हातात होता, पण उडत होतं ते माझं. मुलांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा सर मान खाली घालून रिमोटकडे बघत होते.

हे इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. परत येताना गाडीत काका माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "तुले कधी समजलं?"

"मागल्या आठवड्यात. बुधवारी."

त्यांनी पट्टीच्या हाताकडे बघत मोजलं. "म्हणजे दहा-अकरा दिवस. मी तुह्यावर शंका घेऊन राह्यलो होतो, तुले माहीत होतं?"

"व्हय."

"अन् तू घेऊ दिली."

मी डब्यांची पिशवी मांडीवर ओढून घेतली. काका म्हणाले, "मी रोज सकाळी स्वतः शटर उघडत होतो बेटा, डाव्या हातानं. रोज वाटे, इच्यावर भरवसा ठेवून चुकलो. ते बी माह्या डोक्यात राह्यलं न आता. त्यानं माह्ये बोटं कापले. तू काऊन असं केलं?"

काकू पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "जाऊ द्या न. पोरीनं पंखे तर काढाले लावले. नाई तर त्याचं थोबाड गेलं असतं."

"ते खरं," काका म्हणाले. आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्या रात्री झोप लागली नाही, ते सांगायला नको. सकाळी नऊ वाजले, मी खोलीतच. काकू दारात आल्या, किल्ली माझ्या अंथरुणावर टाकली. "शटर काय आपोआप उघडन? जा, लोकं उभे राह्यले." एवढ्यावर माझं परत येणं झालं. काका हळूहळू बोलायला लागले, पण उजव्या हाताची दोन बोटं आता पूर्ण मिटत नाहीत, आणि पेला धरताना ते माझ्याकडे बघतात की नाही, हे मी बघते. या एका गोष्टीचं मला वाईट वाटतं, आणि ते मी सरांच्याच खात्यावर टाकत नाही. ते माझं.

बाकी सगळं त्यांच्या खात्यावर.

सर महिनाभर आले नाहीत. मग आले, कारण वर्ध्यात दुसरीकडे कुणी बांधून देत नाही. दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, त्या नव्या बोर्डाले कितीचा कंपायलर लागन?" आता तो शब्द नीट उच्चारतात. मी हातातली मिक्सरची मोटर खाली ठेवत नाही. वळते, भिंतीवरच्या कागदाकडे बोट करते. तोच कागद आहे, कुंकवाचा डागही तसाच ठेवलाय. त्यांना जवळ जाऊन, चष्मा वर करून, माझ्या अक्षरात वाचावं लागतं.

दसऱ्याला आता हार मॉनिटरला घालतात, पण कॉम्प्युटर मी बंद करून वायर काढून ठेवते.

आणि दर रविवारी शेतात, सरांनी उडवायला ड्रोन जमिनीवर ठेवला की मी तिथं जाऊन उभी राहते. फर्मवेअर जुनंच असतं, तपासलेलं असतं, गेल्या आठवड्यातच उडालेलं असतं. काही गरज नसते. मला माहीत असतं, त्यांनाही माहीत असतं.

"सर," मी म्हणते, "आधी पंखे काढा."

ते वाकतात, आणि चार नट सोडतात.